पाण्याखालची पायरी

नागपूर
१२ नोव्हेंबर १९५९

प्रिय बबनराव,
सप्रेम जयभीम.

आठ वर्षांनी माझं पत्र पाहून तुम्ही पाकीट दोनदा उलटसुलट करून बघितलं असेल. मी तोच देवराव, उकंडा कोतवालाचा. शाळेत तुम्ही आत पाटावर बसायचे आणि मी ओसरीवर. गणित अडलं की तुम्ही खिडकीतून पाटी बाहेर सरकवायचे. ते विसरला नसाल असं धरून लिहितो आहे.

इथे एका सरकारी कचेरीत मला नोकरी आहे. विदर्भातली यादवांच्या काळची देवळं, बारवा, शिलालेख यांची नवी यादी तयार होते आहे. मी जुन्या नोंदींच्या नकला करतो आणि साहेबांबरोबर फिरून दगडावरच्या अक्षरांचे ठसे घेतो. आपल्या गावाबाहेरच्या काळ्या देवळाचे खांब लांबून मोजत बसायचो ना, त्याची आता भाकर मिळते.

मागच्या सोमवारी यवतमाळ जिल्ह्याचं जुनं बाड माझ्यापुढे आलं. त्यात ही ओळ होती: 'मौजे पिंपळधरा. हेमाडपंती शिवालय. मुखमंडप पडलेला. तुळईखालची लेख असलेली शिळा कोतवाल उकंडा याने काढून परस्पर दिल्याने गहाळ. पंचनामा, ऑगस्ट १९५१.'

बाबांचं नाव मी आयुष्यात प्रथमच सरकारी अक्षरात पाहिलं आणि ते असं. हात थांबला. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, शाई संपली.

आता हीच ओळ नव्या यादीत जाईल आणि छापली जाईल. त्या पंचनाम्यावर तुमच्या वडिलांची, रामराव पाटलांची, आणि साक्षीदार म्हणून तुमची सही आहे. तेव्हा विचारतो. गावात कोणाला याहून वेगळं काही माहीत आहे का? एखाद्याने दोन ओळी लिहून दिल्या तर साहेब ऐकतील. मार्चअखेर पक्की प्रत द्यायची आहे.

बाबा माझ्याकडेच असतात. खोकला आहे. त्यांना मी यातलं काही बोललो नाही. तुमच्या नव्या विहिरीला पाणी चांगलं लागलं का? आम्ही गाव सोडलं तेव्हा बांधकाम नुकतंच आटोपलं होतं.

तुमचा,
देवराव

पिंपळधरा, पोस्ट कळंब
३० नोव्हेंबर १९५९

प्रिय देवा,
अनेक आशीर्वाद. (हसू नको, तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.)

पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्या गावचा पोरगा सरकारी दौऱ्यावर फिरतो, हे मी चावडीवर सगळ्यांना सांगून टाकलं. सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. घरभर कापूस, नाकातही कापूस. माझी बायको विमल म्हणते, पत्र लिहायला बसलात की वेचणाऱ्या बायांकडे कोण बघेल? म्हणून घाईत लिहितो.

बाबा गेल्या पोळ्याच्या आधी वारले. तुला कळवायला हवं होतं, राहून गेलं. त्या पंचनाम्याच्या वेळचे बाकीचे पंचही आता नाहीत. कोणाला विचारू? त्या वर्षी कळंबच्या रस्त्याचं काम चालू होतं, खडीवाल्यांच्या गाड्या देवळाजवळूनच जायच्या. त्यांनी दगड नेला असेल असं तेव्हाही काही जण म्हणायचे. पण पुरावा काय?

देवा, तू उगीच मनाला लावून घेतो. असली बाडं वाचतं कोण? उंदीर. उकंडाजींना माझा नमस्कार सांग. ते गावात होते तोवर देवळाच्या चौथऱ्यावर गुरं चढायची नाहीत. आता बकऱ्या थेट गाभाऱ्यात बसतात.

हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या आहेत. मीठ टाकून उकडा.

तुझा,
बबन

नागपूर
१७ जानेवारी १९६०

प्रिय बबनराव,
जयभीम.

शेंगा पोचल्या. बाबांनी एकट्यानेच निम्म्या संपवल्या. म्हणाले, 'हे आपल्या काळ्या मातीचं हाय, तोंडात टाकलं की समजते.' पाटील गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

साहेबांनी आपल्या देवळाचं जुनं मोजमाप मला दाखवलं. मुखमंडप, सभामंडप, गाभारा, सगळं एकाच काळ्या पाषाणात. चुन्याचं बोट कुठे नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तीत बसणारी कूस, आणि वरच्याचं ओझं खालच्यावर. देवगिरीचे यादव गेले, त्यांच्यानंतरचेही गेले, पण ही देवळं एवढ्या जोरावर उभी आहेत. आपल्या मुखमंडपाची एक तुळई पूर्वीच तडकली होती आणि कोणीतरी ती लेखाची शिळा तिच्याखाली टेकू म्हणून उभी केली होती. टेकू काढला म्हणून पावसाळ्यात मंडप बसला. साहेब म्हणतात, या बांधणीत काढलेला दगड कोणता होता ते पडल्यावरच कळतं.

बबनराव, आता एक गोष्ट लिहितो. ती मी कोणालाच सांगितलेली नाही. बाबा निर्दोष आहेत म्हणून मी तुम्हाला पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. मला वाटतं, तो दगड बाबांनीच कोणाला तरी दिला. त्या साली मी यवतमाळला बोर्डिंगात होतो. दिवाळीला घरी आलो तर आमच्या घरावर गवताच्या जागी कवेलू चढलेली. कोतवालाच्या घरावर कवेलू कुठून आली, हे मला तेव्हाच समजलं. त्यामुळे मला खरं-खोटं करायचं नाही. फक्त 'पावसात पडून हरवली' असं कोणी लिहून द्यावं, एवढीच माझी विनंती होती. बापाचं नाव झाकायला मागत होतो, धुवायला नाही.

छप्पनला दीक्षाभूमीवर बाबांच्या शेजारी उभा राहून मी शीलं घेतली. खोटं बोलणार नाही असं म्हणालो. आणि आता तुमच्याकडे खोटं मागतो आहे, याचीही लाज वाटते.

सोबत ठशाचे चार कागद पाठवतो. शिळेचा तुकडा कुठे सापडलाच तर: दगड धुवायचा, कागद भिजवून त्यावर अंथरायचा, ब्रशने ठोकत राहायचं. कागद अक्षरांच्या खळग्यात उतरला की अर्धवट वाळू द्यायचा आणि कापडाच्या बोळ्याने वरून शाई टिपायची. अक्षरं पांढरी राहतात.

विहिरीचं विचारलं होतं, तुम्ही काही लिहिलं नाही.

देवराव

पिंपळधरा
९ मार्च १९६०

प्रिय देवराव,

पत्र मिळालं. कागदही मिळाले. उत्तराला उशीर झाला, तब्येत ठीक नव्हती.

मी पुष्कळ विचार केला. कागदोपत्री जे आहे त्यात मी काय ढवळाढवळ करू? तुझी नोकरी नवी आहे, उगीच तिला बट्टा लागायला नको. आहे तसंच लिही.

विहिरीला पाणी आहे.

बबन

नागपूर
२ एप्रिल १९६०

बबनराव,
जयभीम.

तुम्ही म्हणालात तसं केलं. एकतीस तारखेला आहे तीच ओळ पक्क्या प्रतीत उतरवली. माझं अक्षर कचेरीत सगळ्यात चांगलं, म्हणून पक्की प्रत माझ्याकडेच असते. 'कोतवाल उकंडा' लिहिताना मी नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं. एकही खोड नाही.

घरी गेलो तर बाबांनी विचारलं, 'आज काय लेहलं?' म्हटलं, कळंबकडची देवळं. ते खूश झाले. 'आपलं बी आलं असन मंग?' म्हटलं, आलं.

त्यानंतर त्यांच्या ताटासमोर बसवत नाही.

देवराव

पिंपळधरा
१९ मे १९६०

देवराव यांस,

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं आहे. सहाव्यांदा बसलो आहे आणि विमल दारात उभी आहे. पाकीट ती स्वतः डाकेत टाकणार. माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि तो नसावाच.

तो दगड माझ्या विहिरीत आहे.

एकावन साली उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पायऱ्या बसवत होते. साडेतीन हात लांबीचा एक दगड कमी पडला. मिस्तरी म्हणाला, असा घडीव दगड खाणीतून आणायचा तर पावसाळा लागेल. मी देवळात गेलो. टेकू दिलेली शिळा डोळ्यांत भरली. बाबा कळंबला गेलते, मी कोणाला विचारलं नाही. भर दुपारी सगळं गाव घरात होतं, तेव्हा दोन गडी आणि गाडी घेऊन ती काढून आणली. तुळई जागची हलली नाही. मी गड्यांना म्हणालो, 'पाहा, कायी झालं नाही. फुकटचा टेकू होता.' तेव्हा मला तेवढंच समजत होतं.

श्रावणात मंडप पडला आणि तालुक्याचा माणूस चौकशीला आला. बाबांनी मला आत बोलावून विचारलं, मी सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. मग बाहेर जाऊन म्हणाले, देवळाची राखण कोतवालाकडे आहे, त्याला विचारा. उकंडाजी उठून बोलले होते. 'मालक, गाडीच्या चाकोऱ्या तुमच्या वावरात गेल्या हायत,' एवढंच बोलले. बाबांनी त्यांना खाली बसवलं. मग माझ्यापुढे कागद आला आणि मी सही केली.

तुला ठाऊक आहे, त्या चौथऱ्यावर पाय ठेवायची उकंडाजींना मनाई होती. वीस वर्षं त्यांनी ते देऊळ खालून राखलं. ज्या दगडाला शिवू दिलं नाही, तो त्यांनी उचलून नेला असं आम्ही लिहिलं, आणि गावातल्या एकालाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. मलाही नाही. हे मला मार्चमध्ये तुझं ते कवेलूचं पत्र पुन्हा वाचताना सुचलं. तरीही मी तुला 'आहे तसंच लिही' म्हणून कळवलं.

शेवटून चौथी पायरी आहे ती. नऊ महिने पाण्याखाली असते. चैत्र संपला की पाणी उतरतं आणि वैशाखात ती वर येते. दरवर्षी त्या दिवसांत मी विहिरीवर जायचं टाळतो, गड्याला पाठवतो. यंदा पाणी फारच आटलं. विमल स्वतः उतरली. घागर बुडवताना तिच्या पायाला अक्षरं लागली. वर येऊन तिने विचारलं, 'त्या पायरीवर लेहलं काय हाय?' नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. मी सांगून टाकलं. ती म्हणाली, 'अन् तुमी त्याइच्या घरी शेंगा धाडल्या?'

महाराष्ट्र झाला म्हणून त्याच दिवशी शाळेत पेढे वाटायला मला बोलावलं होतं. पेढे वाटले, माझा तसाच खिशात घेऊन घरी आलो.

तू पाठवलेले कागद घेऊन काल खाली उतरलो. एक फाटला, एक पाण्यात पडला. ब्रश बैलाचा आहे, शाई काजळी आणि तेलाची. जमला तसा ठसा सोबत आहे. निम्मी शिळा भिंतीत आहे, म्हणून ओळी मधूनच सुरू होतात. माझ्या सहीचा जबाबही सोबत आहे.

एकच विनंती. येत्या निवडणुकीत मी सरपंचपदाला उभा आहे. सरकारदरबारी काय ते दुरुस्त कर, पण गावात इतक्यात कळू नये असं बघ. माझ्यापेक्षा गेलेल्या बाबांच्या नावाची मला काळजी आहे.

हे शेवटचं वाक्य विमलला वाचून दाखवलेलं नाही.

बबन

नागपूर
२९ मे १९६०

बबनराव,

तुमचं पत्र मी बाबांना सगळं वाचून दाखवलं, विनंतीसकट.

ते उठून बसले. ठसा मांडीवर घेतला. अक्षर वाचता येत नाही, तरी बोटाने एकेक ओळ चाचपत राहिले. म्हणाले, 'इतका जवळून मी कदी पायलाच नव्हता.'

मला वाटलं ते रडतील, नाहीतर तुमच्या नावाने शिव्या देतील. तसं काहीच झालं नाही. मीच तुमच्यावर तोंडसुख घेत होतो. पाटील, पाटलाचं पोरगं, आपल्या आठ वर्षांचं काय केलं, असं बरंच बोललो. त्यांनी मला थांबवलं.

'कवेलू तुया मामानं देल्ले होते,' ते म्हणाले. 'त्याचं जुनं घर पाडलं त्याचे.'

 ते कवेलूचं मी तुम्हालाच तेवढं लिहिलं होतं. त्यांना मी कधी काही बोललो नव्हतो. पण तुमच्या पत्रात ते होतं, आणि मी वाचायच्या भरात तेही वाचून गेलो होतो.

मग ते म्हणाले, 'तू दिवाळीले आला, तवा पिशवी खाली ठेवाच्या आंधी मले काय म्हनलं, आठोते?'

आठवत होतं. 'बाबा, कोनाले देला तो गोटा?' असं म्हणालो होतो.

'तू देला का, असं बी नाही इचारलं. कोनाले देला म्हनलं.' नंतर बराच वेळ खोकत राहिले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, 'पाटलाच्या पोरानं खोटं लेहलं, ते मले समजे. त्याले त्याचा बाप होता. पन तुले बी बाप होता ना रे?'

बबनराव, तुम्हाला रागाने लिहायला बसलो होतो. आता कोणत्या तोंडाने रागावू? तुम्ही एक सही केलीत. मी नऊ वर्षं त्यांच्या हातची भाकर खाल्ली आणि रोज मनात तीच सही करत राहिलो.

तुमच्या विनंतीबद्दल त्यांचा निरोप असा: 'सरकारले कायले सांगता? सरकारनं मले थोडीच चोर म्हनलं. गावानं म्हनलं.'

देवराव

पिंपळधरा
१६ जून १९६०

देवराव यांस,
सप्रेम नमस्कार. आजपासून 'तुम्ही' लिहितो, चालवून घ्या.

उमेदवारीचा अर्ज मागे घेतला. काल ग्रामपंचायतीची सभा होती. माझा जबाब मी उभा राहून वाचला.  वाटलं होतं, कोणी अंगावर येईल, कोणी उठून जाईल. कोणी काहीच केलं नाही. एक म्हातारा म्हणाला, 'बबन, गेलेल्या बापाचं नाव कायले काढतं?' दुसऱ्याने विचारलं, 'एका गोट्यासाठी एवढं? आता नालीचं पाहा ना.' आणि लोक नालीचं बोलू लागले. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो, त्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या वस्तीतले लोक बाहेर लिंबाखाली उभे होते. तुमची काकू तुळसाबाई दारापर्यंत आली. म्हणाली, 'मले ऐकू नाही आलं. पुन्हा वाच. हळू वाच.' मी बाहेर लिंबाखाली जाऊन पुन्हा वाचलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, 'उकंडा भाऊजीचं नाव आलं तेवढं आखीन एकडाव.' मी तिसऱ्यांदा वाचलं.

उकंडाजी म्हणतील तर विहिरीची भिंत फोडून शिळा काढून देतो. मिस्तरी म्हणतो, त्या बाजूचं बांधकाम ढासळेल. ढासळू दे. विहिरीत तुमच्या वस्तीला आजवर आम्ही उतरू दिलं नाही, हेही मला माहीत आहे. आज सकाळी विमलने स्वतः तुळसाबाईला खाली नेलं. माझ्याच भावकीतल्या दोन घरांनी आमच्याकडचं पाणी पिणं बंद केलं आहे. ते राहो.

माफी मागायला जागा नाही, म्हणून मागत नाही.

बबन

नागपूर
८ जुलै १९६०

प्रिय बबनराव,
सप्रेम जयभीम.

तुमचा जबाब साहेबांनी ठेवून घेतला. ठसा पाहून हसले, म्हणाले, हा कोणी घेतला, बैलाने? पण बराचसा वाचता आला. राजा रामचंद्रदेवाचं नाव अर्धं आहे. देवळाला दिलेल्या जमिनीचा मजकूर आहे, आणि शेवटी, जो हे राखील त्याचं भलं होवो, अशा अर्थाची ओळ. जमीन कोणी दिली त्याचं नाव तुमच्या भिंतीत आहे.

ते बाबांना सांगितलं. म्हणाले, 'राहू दे भितीत. बाया उतरून राह्यल्या ना त्या पायरीवरून? मंग काढू नका. एक गोटा काढला तं काय होते, पायलं ना सगळ्याइनं.' पुढच्या वैशाखात पाणी उतरलं की ते स्वतः येणार आहेत. खोकल्याने तोवर राहू दिलं तर. चौथ्या पायरीवर बसायचं आहे म्हणतात.

पक्क्या प्रतीचं सांगायचं राहिलं. मी साहेबांना म्हणालो, ते पान फाडून नवं लिहितो. ते म्हणाले, सरकारी बाडातलं पान फाडता येत नाही, ओळ खोडता येत नाही. दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची, तीही फक्त वरच्या कडेने, म्हणजे खालचं वाचता यावं. छापताना चिठ्ठीवरचंच छापतील. मी चिठ्ठी लिहिली: 'शिळा बबन रामराव यांनी विहिरीच्या कामास नेली. कोतवाल उकंडा यांचा दोष नाही.' खळ लावून चिकटवली.

मागच्या रविवारी साहेबांची परवानगी काढून बाबांना कचेरीत नेलं. बाड उघडून चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग बोटाने चिठ्ठीची खालची कड उचलली आणि विचारलं, 'अन् हे खालचं?'

तेही वाचलं. सगळं वाचलं.

त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, एकदा वर, एकदा खाली. म्हणाले, 'अक्षर तं एकाच हाताचं दिसून राह्यलं.'

मी म्हणालो, हो बाबा, माझंच आहे.

त्यांनी चिठ्ठी खाली सोडली, तळव्याने दाबून बसवली आणि म्हणाले, 'चाल घरी.' रस्ताभर माझा हात धरून चालले. मी तो सोडवून घेतला नाही, आणि एकदाही त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

तुमचा,
देवराव